आयत्या वेळचा विषय: ऱ्होडोडेंड्रॉन

भांडुपमध्ये घर घेणारा माणूस कार्पेट एरिया विचारतो, पाणी किती वाजता येतं ते विचारतो, स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा मिळते का ते विचारतो. इमारतीला माती आहे का, असं विचारणारा माणूस अजून कुठल्या बिल्डरला भेटलेला नसावा. भेटला तर बिल्डर त्याला आधी पंख्याखाली बसवेल आणि मग लिंबूपाणी मागवेल.

त्यामुळे आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदराखाली, चौथ्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका उभे राहिले आणि म्हणाले, “मला आपल्या कंपाउंडमध्ये ऱ्होडोडेंड्रॉन जमिनीत लावायचा आहे, परवानगी मिळावी,” तेव्हा एरवी फक्त थकबाकीदारांची यादी वाचताना पसरते तशी शांतता पसरली. मिनिट्स लिहिता लिहिता सेक्रेटरींनी विचारलं, “ऱ्हस्व की दीर्घ?” खजिनदारांनी विचारलं, “खर्च?” आणि ज्यांची गाडी मागच्या भिंतीला चिकटून उभी असते त्यांनी खुर्चीतून अर्धं उठून विचारलं, “कुठे?”

काका दार्जिलिंग-सिक्कीम करून आले होते. भांडुपचा मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी टूर कंपनीची टोपी डोक्यावर घालून तिकडे जाऊन येतोच. एप्रिलमध्ये तिथले उतारच्या उतार लाल, गुलाबी, पांढरे झालेले असतात. त्यांच्यासमोर उभं राहून काकांच्या मनात जे आलं, ते हिमालयासमोर प्रत्येक मध्यमवर्गीयाच्या मनात येतं: यातलं घरी काय नेता येईल? बाकीच्यांनी चहा आणि लोकरीच्या टोप्या घेतल्या. काकांनी कालिंपाँगला, जे गाव रोपवाटिकांसाठीच प्रसिद्ध आहे, एक वीतभर रोप घेतलं. पावती घेतली. अभयारण्यातून रोप उपटणं हा गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक असल्यामुळे ती पावती ते आजही पाकिटात, नातवाच्या फोटोच्या पुढे ठेवतात. मग ते रोप ओल्या नॅपकिनात गुंडाळून, मांडीवर घेऊन, खिडकीची सीट काकूंना देऊन ते भांडुपला आले. खिडकीची सीट मिळाली म्हणून काकू आधी खूश होत्या. रोपाला उजेड कमी लागतो हे कारण त्यांना नंतर कळलं.

सभेत लगेच दोन पक्ष पडले. एक कुंडी पक्ष, दुसरा जमीन पक्ष.

कुंडी पक्षाला बहुमत असणार हे उघडच होतं, कारण भांडुप हे कुंडीचं गाव आहे. एशियन पेंट्सचा कारखाना इथे कित्येक वर्षं होता. तो असताना आणि नसताना, रंगाची वीस लिटरची रिकामी बादली ही इथली सर्वमान्य कुंडी राहिली आहे. तिच्यात तुळस होते, मिरची होते, गवती चहा होतो, आणि एका खिडकीत तर शेवगा आहे, जो ग्रिलमधून बाहेर पडून शेजारच्या विंगला शेंगा देतो. कुंडी पक्षाची भूमिका वनस्पतिशास्त्राची मुळीच नव्हती, ती मालकी हक्काची होती. जमीन सोसायटीची, कुंडी आपली. जमिनीतल्या कढीपत्त्याला अख्ख्या इमारतीचे हात लागतात, कुंडीतला कढीपत्ता मागायला बेल वाजवावी लागते. जमिनीतल्या जास्वंदीची फुलं पहाटे पाच वाजता कोण तोडतं, हे आमच्याकडे अजून सीसीटीव्हीलाही कळलेलं नाही. कळलं असलं तरी फूल देवाला गेलं म्हटल्यावर तक्रार कोण आणि कशी करणार?

शिवाय कुंडी आपल्याबरोबर चालते. भांडुपमधली निम्मी चर्चा ‘रिडेव्हलपमेंटला गेलो की’ या शब्दांनी सुरू होते. गेलो की तीन वर्षं भाड्याच्या घरात, आणि तिकडे टेम्पोत कुंड्या नेता येतात. जमिनीतलं झाड मागे राहतं, आणि नुसतं मागे राहत नाही. महाराष्ट्राचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. शहरातलं झाड तोडायचं किंवा हलवायचं तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, मग ते झाड तुमच्याच कंपाउंडमध्ये तुमच्याच आजोबांनी लावलेलं का असेना. म्हणजे कुंडीतलं रोप ही घरातली वस्तू आणि जमिनीतलं रोप हा नवीन सभासद. त्याला मेंटेनन्स लागू नाही, पण बाहेर काढायचा तर नोटीस द्यावी लागते. हा मुद्दा सेक्रेटरींनी मांडला तेव्हा खजिनदार शहारले.

जमीन पक्षात दोघंच होते. एक काका. दुसऱ्या तळमजल्यावरच्या आजी, मूळच्या कुडाळकडच्या, ज्यांचा मुलगा सभासद असल्यामुळे त्यांना मत नव्हतं पण आवाज होता. “झाडाक जमीन व्हयी रे,” त्या म्हणाल्या. “डबो कसलो लावतस?” एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा उघडला. माझ्या मते सभेतलं ते सर्वात शास्त्रशुद्ध भाषण होतं.

मग काकांनी त्यांचं भाषण केलं. निवृत्त माणसानं वाचलेलं पुस्तक आणि भरलेलं सभागृह एकत्र आलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी काकांचं भाषण ऐकण्यासारखं होतं. ऱ्होडोडेंड्रॉनला आम्लधर्मी माती लागते, सामू साधारण साडेचार ते सहा. त्याची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात. खोल खणून लावलं की झाड गुदमरतं, म्हणून बुंधा जमिनीपेक्षा थोडा वरच ठेवायचा. मुळांवर एक बुरशी राहते, जी नापीक आम्ल मातीतून त्याला अन्न काढून देते. पाणी भरपूर लागतं, पण ते साचलेलं चालत नाही. आणि मुळांचा गोळा आटोपशीर असल्यामुळे चांगलं मोठं झालेलं झाडही मुळांसकट उचलून दुसरीकडे लावता येतं. या शेवटच्या वाक्यावर कुंडी पक्षातून पहिल्यांदाच कुजबुज झाली. जमिनीत राहूनही रिडेव्हलपमेंटला अडथळा न आणणारं झाड! सेक्रेटरींनी ते वाक्य अधोरेखित केलं.

“उंची किती होते?” पार्किंगवाल्यांनी विचारलं.

इथे काका प्रामाणिक राहिले आणि तिथेच फसले. नागालँडमध्ये जाप्फू डोंगरावर एक ऱ्होडोडेंड्रॉन आहे, १०८ फुटांचा, त्याची गिनेस बुकात नोंद आहे, असं त्यांनी सांगितलं. १०८ फूट म्हणजे दहा मजले. आमची इमारत सात मजल्यांची आहे. सातव्या मजल्यावरच्या सभासदांनी तिथल्या तिथे हरकत नोंदवली.

काका खचले नाहीत. त्यांनी हूकरला मैदानात आणलं. जोसेफ डाल्टन हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये हिंडला, ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती त्याने शोधल्या, त्यांचं बी लंडनच्या क्यू उद्यानाला पाठवलं, आणि पुढे अख्ख्या इंग्लंडने बागाबागांतून ही झाडं जमिनीत लावली. काकांनी न सांगितलेला भाग मी सांगतो. १८४९ च्या अखेरीस हूकर आणि त्याच्याबरोबरचे दार्जिलिंगचे अधिकारी डॉ. कॅम्पबेल या दोघांना सिक्कीमच्या दिवाणाच्या माणसांनी पकडून ठेवलं होतं, कारण ते परवानगी नसताना तिबेटच्या हद्दीत शिरले होते. म्हणजे या झाडाच्या पाठीमागे परवानगीचा विषय आमच्या सेक्रेटरींच्या जन्मापूर्वीपासून लागलेला आहे. आणि इंग्लंडमध्ये सगळंच गोड झालं असंही नाही. तिकडे बाहेरून आणलेली एक जात, पोंटिकम, जमिनीत इतकी रुजली की तिने रानंच्या रानं व्यापली. आता ती उपटण्यावर पैसा खर्च होतो. जमिनीत लावलेलं झाड कधी कधी खरंच मनावर घेतं.

अखेर नेहमीचा तोडगा निघाला: उपसमिती. उपसमितीने रविवारी सकाळी स्थळपाहणी करायची ठरवली. स्थळ म्हणजे मागच्या भिंतीलगतचा, पाण्याच्या टाकीच्या शेजारचा, दीड फूट रुंदीचा तुकडा. कंपाउंडमधली बाकी सगळी जागा पेव्हर ब्लॉकखाली आहे. ते ब्लॉक कुणी बसवले, का बसवले, हे आता कुणी सांगू शकत नाही. फक्त पाऊस पडला की कळतं की पाणी मुरायला जागा नाही, आणि मग त्याच सभेत पाणी उपसायच्या पंपाचा खर्च मंजूर होतो.

वॉचमनने पहार आणली. पहिल्या घावाला वाळू लागली. दुसऱ्याला सिमेंटचा गठ्ठा. मग टाइल्सचे तुकडे, गुलाबी, फुलाफुलांचे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ते लगेच ओळखले, त्यांच्या जुन्या बाथरूमचे होते. दोन इंच जाडीची सळई निघाली असं वॉचमन सांगतो, मी पाहिली ती पेन्सिलीएवढी होती. त्याखाली कुठलीतरी केबल दिसली आणि सगळे चार पावलं मागे सरले. माती सापडली ती मूठभर, तीही टाइलच्या मागे चिकटून. ज्याला आपण सोसायटीची जमीन म्हणतो तिचं खरं नाव डेब्रिज.

दुसऱ्या मजल्यावरची बी.एस्सी. करणारी मुलगी सामू तपासायचं किट घेऊन आली. सामू आठच्या आसपास. साहजिकच आहे, चुना आणि सिमेंट दोन्ही अल्कधर्मी. सामूचा एक आकडा म्हणजे दहा पट फरक असतो, हे तिने समजावून सांगितलं. ऱ्होडोडेंड्रॉनला खपणाऱ्या शेवटच्या मर्यादेपासून आमची जमीन शंभर पटींनी लांब होती. अशा मातीत झाडाला लोह शोषता येत नाही. पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. म्हणजे खाली सळ्या गाडलेल्या, आणि वर झाड लोहाअभावी मरणार! परदेशात चुनखडीच्या मातीवर राहणारे बागवाले म्हणूनच ऱ्होडोडेंड्रॉन कुंडीत लावतात, आम्ल माती विकत आणून. कुंडी पक्ष हे ऐकून विजयी मुद्रेने चहाला गेला.

पण भांडुपची माती म्हणजे आमचं कंपाउंड नव्हे. स्टेशनच्या पूर्वेला जा, मिठागरं, खाजण, तिवरांची चिखलमाती, पंपिंग स्टेशनकडे थंडीत रोहितांना बघायला कॅमेरे घेऊन आलेली माणसं. तिथे तिवर सोडून दुसरं काही लावायची हिंमत कुणी करत नाही, आणि तिवर कुणाला विचारत नाही. पश्चिमेला वर चढत गेलं की मुरूम, काळा पाषाण, डोंगर, आणि डोंगराला लागून संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. एका स्टेशनच्या दोन बाजूंना खारं आणि गोडं अशी दोन जगं, मधे लाल बहादूर शास्त्री मार्गावरचा ट्रॅफिक.

पाण्याच्या बाबतीत तर भांडुपने कुणापुढे मान खाली घालू नये. मुंबईच्या निम्म्याहून जास्त पाण्याचं शुद्धीकरण भांडुप कॉम्प्लेक्समध्ये होतं. शहराचं पाणी आमच्याकडून जातं, ते आम्हाला सकाळी किती वेळ मिळतं हा वेगळा विषय आहे, आणि तोही आयत्या वेळीच निघतो. पाऊस? वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त. दार्जिलिंगच्या डोंगरातही असाच धो धो पडतो. दमटपणा? ऱ्होडोडेंड्रॉनला दमट हवा आवडते, आमच्याकडे जूनमध्ये वाळत घातलेला टॉवेल ऑगस्टमध्ये घडी करतात. काकांनी या तिन्ही गोष्टी वहीत लिहून प्रत्येकीपुढे बरोबरची खूण केली होती.

चौथी गोष्ट उंची. हिमालयातला लाल ऱ्होडोडेंड्रॉन, ज्याला उत्तराखंडात बुरांश म्हणतात, साधारण दीड हजार मीटरच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातलं सर्वात उंच ठिकाण कळसूबाई, १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्राची गच्ची तो त्याचा तळमजला. भांडुपच्या मागचा डोंगर पाचशे मीटरलाही पोचत नाही. निसर्गाने हा हिशेब आधीच करून ठेवलेला दिसतो. बुरांशचीच एक भावकी निलगिरी, पळणी, आनेमुडीच्या उंच माथ्यांवर राहते, एक हिमालयात, एक थेट दक्षिणेत, आणि मधला सगळा सह्याद्री त्यांनी सोडून दिलेला आहे. लाखो वर्षांत जे झाड स्वतः महाराष्ट्रात उतरलं नाही, ते काकांच्या मांडीवर बसून आलं.

रोप अखेर कुंडीतच गेलं. काकांनी नारळाच्या काथ्याचा भुसा आणला, लाल माती आणली, पाइनच्या सुया मिळेनात म्हणून सुरूच्या सुया गोळा केल्या. थंडीभर रोप उत्तम होतं. भांडुपच्या थंडीत माणसंही उत्तमच असतात. मार्चमध्ये कुंडी तापायला लागली. कुंडीचा हा खरा दोष आहे आणि कुंडी पक्ष तो कधी सांगत नाही: जमिनीत मुळं गार राहतात, काळ्या प्लास्टिकच्या बादलीत ती चारही बाजूंनी शिजतात. काका रोज सकाळी मातीवर बर्फाचे खडे ठेवू लागले. काकू ट्रे मोजू लागल्या. एप्रिलमध्ये रोप रात्रीचं एसीच्या बेडरूममध्ये आलं, आणि काकांना घोरण्याचा त्रास असल्यामुळे काकू हॉलमध्ये गेल्या, असं अधिकृत कारण सांगण्यात आलं. विजेचं बिल आलं तेव्हा काका स्वतःच हॉलमध्ये आले. मे महिन्यात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, आणि पहिला पाऊस यायच्या आत विषय संपला. सभेत दुखवट्याचा ठराव मांडावा अशी एक सूचना आली होती. ती चेष्टेची होती की गंभीर, हे न कळल्यामुळे मिनिट्समध्ये घेतली नाही.

या सगळ्यात कुंडी पक्ष जिंकला असं वाटत असेल तर थोडं वर बघावं, अक्षरशः वर. राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर कारवी आहे. माणसाच्या उंचीचं झुडूप, कुणी लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, कुंडीत तर कुणी घालतच नाही. तळमजल्यावरच्या आजींच्या माहेरच्या घराच्या कुडाच्या भिंती याच कारवीच्या होत्या. सात वर्षं हे झुडूप हिरवं, मुकाट उभं असतं आणि आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळा करून टाकतं. मग बी धरून मरून जातं. २०१६ मध्ये ती फुलली, २०२४ मध्ये फुलली. २०२४ च्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या सोसायटीतून ती बघायला गेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यात दार्जिलिंगला जाऊन ऱ्होडोडेंड्रॉनसमोर फोटो काढून आलेलं एकही नव्हतं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिकडे बुरांश पेटायला लागतो त्याच सुमाराला, इकडे पळस, पांगारा आणि काटेसावर लाल होऊन उभे असतात. तेही जमिनीत, परवानगी न घेता. आम्ही खिडकीतली बादली किंचित सरकवली तर ते दिसतील.

तेव्हा माझं मत असं. बुरांश बघायचा असेल तर मार्च-एप्रिलमध्ये उत्तराखंडात जा, सिक्कीमला जा, तिथे तो जमिनीत उभा आहे आणि बरा आहे. येताना रोप आणू नका, बुरांशच्या सरबताची बाटली आणा, ती फ्रिजमध्ये टिकते. काकांची मागणी मात्र झाड चुकीचं होतं म्हणून फेटाळणं मला पटलेलं नाही. झाड चुकीचं होतं, जमिनीचा हट्ट बरोबर होता. कंपाउंडमध्ये जे थोडेफार वृक्ष उरलेत, म्हणजे वाकडा आंबा, गाड्यांवर नारळ टाकणारे दोन माड आणि एक सोनचाफा, त्यांच्या गळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आलेले आहेत. झाडांच्या बुंध्यांभोवतीचं काँक्रीट काढण्याच्या मोहिमा पालिकेलाही अधूनमधून काढाव्या लागतात. आपलं काढायला पालिकेची वाट कशाला बघायची?

म्हणून पुढच्या सभेसाठी मी लेखी विषय दिलेला आहे, आयत्या वेळचा नव्हे: प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी करावी, डेब्रिज काढून तांबडी माती भरावी, आणि मागच्या भिंतीजवळ एक पांगारा लावावा. सूचक मी आहे. काका अनुमोदन देणार होते, पण त्यांनी कुर्गहून कॉफीचं रोप मागवल्यामुळे ते सध्या कुंडी पक्षात आहेत. आजींना मत नाही. तरी अनुमोदक हवा आहे. इच्छुक सभासदांनी सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भेटावं, आणि त्या दिवशी आपली गाडी मागच्या भिंतीपासून जरा पुढे लावावी.